आण्णांच्या सलाईनमधला नरक्या

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, आम्ही पाटण तालुक्यातले. माझ्या वडिलांना, आण्णांना, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, वय ६१. ऑपरेशन झालं पण नंतर लिव्हरवर गाठी दिसल्या म्हणून दर पंधरा दिवसांनी किमो चालू आहे, फाईलवर इरिनोटेकान असं नाव आहे, दोन किमो झाल्यात. माझे चुलते, तात्या, त्यांनी ओळखीच्या माणसाकडून नरक्या नावाच्या जंगली झाडाची अर्धं पोतं साल आणलीय. आई पाच दिवस झाले पहाटे त्याचा काढा करून आण्णांना देतेय आणि मला हे काल कळलं. आण्णांना कालपासून सहा-सात वेळा जुलाब झालेत, तात्या म्हणतात विष बाहेर पडतंय. मी नेटवर बघितलं तर नरक्यात खरंच कॅन्सरचं औषध असतं असं लिहिलंय. मग द्यावा की नाही? डॉक्टरांना सांगितलं तर ते चिडतील म्हणून आई घाबरते. आणि तात्यांना मी काय सांगू, ते आण्णांसाठी जीव टाकतात."

पोरी, तुझं पत्र आलं त्याच रात्री मी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या, काढा आत्ताच्या आत्ता बंद कर आणि सकाळची वाट न बघता हॉस्पिटलच्या नंबरवर फोन कर, एवढंच. ते तू केलंस, आईने पण शेवटी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आण्णांना दोन दिवस ॲडमिट केलं, पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून पुढची किमो लांबवली आणि आता ते घरी आलेत, बरं वाटलं ऐकून. पण तू परत लिहिलंस की पोतं अजून माळ्यावरच आहे आणि तात्या म्हणतायत की डॉक्टर लोकांना झाडपाल्याचं काय कळतंय, बंद करून तुम्ही भावाचं नुकसान करताय. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुझ्यासाठी आहेच, पण खरं तर तात्यांसाठी आहे, त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि ज्यांच्या घरात माळ्यावर असं एखादं पोतं आहे त्यांनी पण वाचा.

मी पंचवीस-सव्वीस वर्षं फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवल्या. झाडपाल्याला हसणारी बाई मी नाही, आयुष्य त्यातच गेलंय माझं.

तर तात्या, तुम्ही आणलेलं झाड खोटं नाहीये. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते कॅन्सरच्या पेशी मारतं हे शंभर टक्के खरं आहे. फक्त एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही. आण्णांच्या फाईलवर जे इरिनोटेकान लिहिलंय ना, ते याच कॅम्प्टोथेसिनपासून बनवतात. म्हणजे आण्णांना नरक्या मिळतोच आहे, पंधरा दिवसांनी एकदा, सलाईनमधून, त्यांची उंची वजन मोजून, रक्त तपासून, मिलिग्रॅमच्या हिशोबात. आणि घरी पहाटे जो काढा दिला जात होता तो त्याच्यावर आणखी एक डोस, किती ते कुणालाच माहीत नसलेला. तुम्ही भावाला दुसरं औषध देत नव्हता तात्या, तेच औषध परत देत होता, न मोजता.

हे औषध आलं कुठून त्याची गोष्ट सांगते, कारण त्यात आपला एक माणूस आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले, डॉक्टरेट केली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. वॉल आधी अमेरिकेच्या शेती खात्यात होते, तिथे ते वेगळ्याच कामासाठी, कॉर्टिसोनचा कच्चा माल कुठल्या झाडात सापडतो का हे बघायला, वनस्पतींचे अर्क गोळा करायचे. त्यातले हजारेक अर्क त्यांनी कॅन्सरच्या चाचणीला पाठवले आणि एका चिनी झाडाच्या अर्काने सगळ्यात जोरदार परिणाम दाखवला. त्या झाडातून नेमकं कुठलं द्रव्य काम करतंय ते वेगळं काढायला वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६६ साल उजाडलं. तेच कॅम्प्टोथेसिन. पुढे याच जोडीने टॅक्सॉल पण शोधलं, आज ब्रेस्ट कॅन्सरच्या कितीतरी बायकांना पॅक्लिटॅक्सेल म्हणून देतात ते. खानदेशातल्या माणसाने लावलेल्या शोधाचं औषध आज पाटणच्या शेतकऱ्याच्या शिरेत जातंय, मला तर हे लिहितानाही भरून येतं.

आणि आपला नरक्या यात आला तो १९७२ मध्ये. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचं रिसर्च सेंटर होतं, तिथे गोविंदाचारी आणि विश्वनाथन या दोघांनी सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे हे दाखवलं, तेव्हा शास्त्रीय पुस्तकांत त्याचं नाव मापिया फीटिडा होतं. फीटिडा म्हणजे घाण वासाची. पावसाळ्यात फुलला की तो वास ज्याने घेतलाय त्याला नरक्या हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही, आणि त्याच झाडाला काही ठिकाणी अमृता पण म्हणतात. तर नरक्याचा आणि कॅन्सरचा हा जो संबंध आज गावोगाव सांगितला जातो तो प्रयोगशाळेतून बाहेर आलेला आहे. ज्यांना झाडपाल्यातलं काही कळत नाही असं तुम्ही म्हणता त्याच लोकांनी हे झाड तपासलं तात्या.

आता तुम्ही विचाराल की १९६६ ला सापडलं तर मग झाड उकळून द्यायला हरकत काय होती, लोक का थांबले? थांबले नाहीत, उलट घाई केली. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत पेशंटना ते दिलं. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही म्हणून त्याचं सोडियम सॉल्ट करून शिरेतून दिलं. काहींच्या गाठी कमी झाल्या पण लघवीच्या पिशवीतून रक्त यायला लागलं, भयंकर जुलाब, रक्तातल्या पेशी खाली, आणि शेवटी चाचण्या थांबवाव्या लागल्या. नंतर कळलं की विरघळवण्यासाठी केलेल्या बदलात त्या रेणूमधलं एक कडं उघडतं, आणि कडं उघडलं की औषधाची ताकद जाते, त्रास मात्र राहतो. बघा ना, झाड खरं, द्रव्य खरं, देणारी माणसं शिकलेली, तरी पेशंटला त्रासच झाला, कारण ते कसं द्यायचं आणि किती हे अजून सापडलं नव्हतं.

मग दहा-बारा वर्षं ते द्रव्य मागे पडलं. १९८५ ला त्याचं काम कसं चालतं ते उलगडलं आणि सगळं परत हललं. तात्या, दाव्याला पीळ जास्त बसला की त्याची कशी गाठ-गाठ होते, तसा पेशीच्या आत डीएनएला पीळ बसतो, विशेषतः पेशी दुभंगताना. तो पीळ सोडवायला एक एन्झाइम असतं, ते दाव्याचा एक पदर तोडतं, पीळ सोडतं आणि पदर परत जोडून देतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं मधे जाऊन बसतं, तोडलेला पदर जोडूच देत नाही, मग पेशी दुभंगायला गेली की मरते. कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते म्हणून ती जास्त मरते. पण आपल्या शरीरात सारख्या नव्या होणाऱ्या पेशी आणखी कुठे असतात? आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या आतल्या मगजात जिथे रक्त तयार होतं, केसांच्या मुळाशी. म्हणून जुलाब, म्हणून पांढऱ्या पेशी कमी, म्हणून केस जातात. विष बाहेर पडत नव्हतं तात्या, आतड्याचं अस्तर झडत होतं.

कसं चालतं ते कळल्यावर मग जपानमध्ये याकुल्ट कंपनीने त्या रेणूला एक शेपूट जोडून पाण्यात विरघळणारं रूप केलं, कडं न मोडता, तेच इरिनोटेकान. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला परवानगी मिळाली. १९६६ ते १९९६, तीस वर्षं. ही तीस वर्षं कशात गेली तर डोस कळण्यात.

आणि डोस इतका नाजूक का, तर इरिनोटेकान शरीरात गेल्यावर लिव्हर त्याचं आणखी जोरदार रूप तयार करतं, खरं काम तेच करतं. मग लिव्हरच त्याला बांधून पित्तातून आतड्यात टाकून देतं. आतड्यातले जंतू ती गाठोडी परत सोडतात आणि ते औषध आतड्याला आतून जाळतं. काही लोकांचं लिव्हर जन्मतःच हे बांधण्याचं काम हळू करतं, त्यांना नेहमीचा डोस पण जड जातो. आण्णांच्या तर लिव्हरवरच गाठी आहेत. अशा माणसाच्या पोटात आणखी काय चाललंय हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे, कारण पुढच्या किमोचा आकडा ते त्यावरून ठरवतात. समजा जुलाब काढ्याने झाले आणि डॉक्टरांना वाटलं किमोने झाले, तर ते किमोचा डोस कमी करतील, म्हणजे जे मोजलेलं औषध गाठींवर काम करतंय तेच कमी होणार. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटली तुझं पत्र वाचताना.

"पण काढ्यात असं किती उतरणार?" हा प्रश्न बरोबर आहे. मघाशी म्हटलं तसं ते द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे काढ्यात कदाचित फार कमी उतरत असेल, किंवा सालीचा गाळ न गाळता प्यायला तर बरंच जात असेल. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टला नरक्या घेतला होता, एकाच डोंगरावरच्या दोन झाडांच्या साली, एक जुनं झाड, एक कोवळं. दोन्हीचा अर्क काढून काचेच्या प्लेटवर शेजारी शेजारी ठिपके दिले, प्लेट सॉल्व्हंटमध्ये चढवली आणि अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली. कॅम्प्टोथेसिन त्या दिव्याखाली निळं चमकतं, फार सुंदर दिसतं, मोरपिसाच्या डोळ्यासारखं. एका झाडाचा ठिपका लख्ख निळा आणि दुसऱ्याचा शोधावा लागत होता. एकच डोंगर, एकच दिवस, आणि दोन्ही साली हातात घेतल्या तर कुणालाही सारख्याच वाटतील. मग आई रोज मूठभर साल टाकते त्या मुठीचा अर्थ काय? आज काहीच नाही, उद्या दुप्पट. ज्या औषधात थोडं कमी आणि थोडं जास्त यात जगण्या-मरण्याचा फरक आहे ते मुठीने देता येत नाही गं.

शिवाय ती नरक्याचीच साल आहे कशावरून? वाळलेली, तुकडे केलेली साल नुसती बघून मी पण सांगू शकत नाही. कॉलेजात आम्ही पोरांना शिकवायचो, भुकटी क्लोरल हायड्रेटमध्ये उकळायची, फ्लोरोग्लुसिनॉल आणि ॲसिडचा थेंब टाकायचा, लाकडी पेशी लाल-गुलाबी होतात, मग मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी, एकेक स्फटिक ओळखायचा, आणि एवढं करून सुद्धा बाजारातून आणलेल्या नमुन्यांत भलतंच काहीतरी निघायचं. गुळवेलीचं आठवत असेल, कोविडमध्ये घरोघर काढे झाले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं लिहिलं, आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की पेशंटनी खाल्लं ते नेमकं काय होतं ते तपासलंच नाही, दुसरी सारखी दिसणारी वेल पण असू शकते. वाद कुणी जिंकला यात मला रस नाही. पण आपण गुळवेल समजून काय घेतोय हे घेणाऱ्याला पण माहीत नसतं ही गोष्ट तर दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून दिसतेच.

तू सदाफुलीचं पण विचारलं होतंस, तात्यांच्या कुणी ओळखीच्याने सांगितलं म्हणून. तेच उत्तर. १९५८ च्या आसपास कॅनडातले संशोधक ती पानं शुगर कमी करतात का बघत होते, शुगर तर हलली नाही पण पांढऱ्या पेशी धाडकन खाली आल्या, आणि त्यातून रक्ताच्या कॅन्सरची औषधं निघाली, लहान मुलांना ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टीन देतात ते सदाफुलीचंच. ज्याच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी आहेत त्याला ती पानं चावायला देणं म्हणजे काय होईल तूच बघ. अंगणात फुलू दे तिला.

आणि साध्या साध्या झाडांनी पण किमोत ढवळाढवळ होते. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी इरिनोटेकान घेणाऱ्या ५ पेशंटना सेंट जॉन्स वर्ट नावाची, तिकडे मन उदास झालं की लोक दुकानातून आपलं आपण आणून घेतात ती वनस्पती दिली आणि रक्त तपासलं, तर औषधाचं जे जोरदार रूप मी वर सांगितलं ते रक्तात ४२ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे एखादी वनस्पती औषध वाढवेल, एखादी कमी करेल, बाहेरून काही दिसणार नाही. म्हणून अश्वगंधा, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, नोनी ज्यूस, जे काही घरात असेल ते सगळं डॉक्टरांना सांगायचं. भाजीतली हळद, आल्याचा चहा हे जेवण आहे, त्याला घाबरू नका. वैद्यांचं औषध घ्यायचं असेल तर तेही दोन्हीकडे सांगून, वैद्यांना किमोची फाईल दाखवून आणि किमोच्या डॉक्टरांना वैद्यांची चिठ्ठी दाखवून.

आईच्या भीतीचं बोलते. माझ्या सख्ख्या मावशीने असंच केलं होतं. एकदा एका डॉक्टरने तिला सगळ्या ओपीडीसमोर झापलं, गावठी औषधं खाता म्हणून, तेव्हापासून ती काही सांगायचीच नाही, पर्समध्ये पुड्या लपवून न्यायची. आम्हाला कळलं तोवर लिव्हर गेलं होतं. मी तेव्हा हेच शिकवत होते कॉलेजात आणि माझ्या घरात मला कळलं नाही, हे मला आजही झोपू देत नाही. म्हणून आईला सांग, डॉक्टर चिडले तर चिडू देत, दोन मिनिटं ऐकून घ्यायचं आणि मग पोतं, किती दिवस, किती वाट्या, कधीपासून जुलाब, सगळं सांगायचं. तिने ते केलं याबद्दल तिचं कौतुक कर, तोंडावर कर. तिला आता वाटत असणार मीच नवऱ्याला विष पाजलं. तसं तिला एक दिवस पण वाटू देऊ नको. नवऱ्यासाठी ती पहाटे उठत होती.

तात्यांना पुरावे दाखवून हरवायला जाऊ नकोस. त्यांना हात-पाय हलवायला काम पाहिजे, भाऊ झिजताना नुसतं बघत बसणं त्यांना जमत नाहीये, म्हणून ते पोतं आलं. तर त्यांना काम दे. एक वही आणि एक थर्मामीटर त्यांच्या हातात दे. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे उद्या बघू असं नाही. जुलाब किती वेळा, कधी सुरू झाले ते लिहायचं. सलाईन लागल्यावर त्याच दिवशी पोटात कळ येऊन घाम सुटून होणारे जुलाब वेगळे, त्याला ते लोक तिथेच इंजेक्शन देतात, आणि चोवीस तासांनंतर, कधी कधी आठवड्याने सुरू होतात ते वेगळे, ते जास्त धोक्याचे, त्यात पाणी झपाट्याने जातं. जुलाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं आणि तो कागद तात्यांच्या खिशात. ओआरएसची पाकिटं, उकळून गार केलेलं पाणी, हे सगळं तात्यांचं खातं. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर तात्यांनाच बसव, त्यांनाच विचारू दे की साहेब, हे इरिनोटेकान नरक्यापासनं होतंय हे खरं का. मला खात्री आहे ते डॉक्टर पण खुर्चीत पुढे सरकून सांगतील.

राहिलं पोतं. अर्धं पोतं साल म्हणजे कुठेतरी एक-दोन झाडं बुंध्यातून गेली तात्या. नरक्या फार मोठा होत नाही, सह्याद्रीत या औषधाच्या मागणीपायी तो इतका तुटलाय की जिथे पूर्वी चालता चालता दिसायचा तिथे आता शोधावा लागतो, आणि जंगलातून अशी तोड करणं हा गुन्हा पण आहे. ती साल कुणाला देऊ नका, विकू नका, दुसऱ्या कुणाच्या घरी तोच काढा होईल. चुलीत पण घालू नका, परड्याच्या कोपऱ्यात, गुरं पोचणार नाहीत असा खोल खड्डा काढून पुरून टाका. आणि तुमच्या बांधावर जागा असेल तर वनखात्याच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नरक्याचं रोप मिळतं का विचारा. लावायला कुणाची ना नाही.

पोरी, तिसऱ्या किमोच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट आला की पांढऱ्या पेशी किती आल्या ते मला लिही, आणि तात्यांच्या वहीचं पहिलं पान पाठव फोटो काढून.